उभी गाडी

इद्दत संपली आणि फरिदानं पहिलं काम काढलं ते गाडी विकायचं. नवऱ्यामागं घरात बसून काढलेल्या त्या महिन्यांत खिडकीतून तिला रोज एकच दिसायचं, अंगणात लिंबाखाली कव्हर घालून उभी असलेली आरिफची पांढरी गाडी. वारा सुटला की कव्हर फुगायचं, पडला की खाली बसायचं. आत कुणीतरी झोपलंय असं वाटायचं. म्हणून ती खिडकी लावून घ्यायची, आणि उकडायला लागलं की परत उघडायची.

आरिफ डाळिंबाचा व्यापार करायचा. निमगावच्या शिवारात एका बागेचा सौदा ठरवून तो बांधावर टेकला, पाणी मागितलं, आणि पाणी येईस्तोवर संपला. चाळिशीही गाठली नव्हती. त्याची गाडी कुणीतरी अंथुर्ण्याला घरी आणून अंगणात लावली आणि किल्ली फरिदाच्या हातात दिली. तिनं ती दाराआडच्या खुंटीला अडकवली. त्यानंतर गाडी हलली म्हणून नव्हती.

गाडी बघायला पणदऱ्याहून एक माणूस आला. त्यानं भोवती फिरून टायरं दाबून पाहिली, आत बसला, किल्ली फिरवली. समोरचे दिवे विझल्यासारखे मिणमिणले, बोनेटखाली टकटक झाली, आणि सगळं गप झालं. त्यानं आणखी दोनदा फिरवली. मग तो फरिदाकडं न बघता लिंबाखालच्या बाजेवर बसलेल्या तिच्या सासऱ्याकडं बघून म्हणाला, "आबा, गाडी तर मेलेली हाय."

अल्लाबक्षनं मान वर केली नाही. हातातली जपाची तसबीह तेवढी थांबली.

एस्टीच्या थांब्याजवळ नागेशचं गॅरेज होतं. फरिदानं झोयाला सायकलवर तिकडं पिटाळलं. नागेश त्याची जीप घेऊन आला आणि गाडीच्या तोंडाला तोंड लावून उभी केली. आरिफचा तो जुना दोस्त. मयतीनंतर तो पहिल्यांदाच या अंगणात येत होता, त्यामुळं काय बोलावं हे त्याला सुचेना, आणि बॅटरीवर बोलायला मिळालं तसा तो मोकळा झाला.

"घाबरू नका भाभी, बॅटरी बसलीय फकस्त. उभ्या गाडीची उतरतीच. आजारी माणूस लई दिवस अंथरुणात ऱ्हायला की पायातलं बळ जातं का न्हाय, तसंच हाय हे."

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. त्यानं गरम पाण्यात खायचा सोडा मागितला, ते पाणी ओतून जुन्या ब्रशनं टोकं घासली, पुसून कोरडी केली. मग लाल केबल जीपच्या बॅटरीपासून गाडीच्या बॅटरीला जोडली. काळी मात्र एका बाजूनं जीपच्या बॅटरीला लावली नि दुसऱ्या बाजूनं गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.

"ही बॅटरीला का न्हाय लावली?" फरिदानं विचारलं. का विचारलं तिलाही कळलं नाही.

"बॅटरीपाशी ठिणगी नको पडायला. आत वायू असतो. लांब लोखंडाला लावली की धोका न्हाय." त्यानं जीप चालू केली, थोडा वेळ तशीच चालू ठेवली, आणि मग गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकललं आणि धरलं.

तो आवाज ऐकला आणि फरिदा घरात निघून गेली. रोज संध्याकाळी चुलीपाशी असताना ती याच आवाजाची वाट बघायची. आवाज आला की तवा ठेवायची.

पणदऱ्याचा माणूस बॅटरी बदलली की कळवा म्हणाला आणि गेला. नागेशनं टोकांना व्हॅसलीन लावलं, बोनेट पाडलं आणि सांगून गेला, "आठवड्यातनं दोनदा तरी गाडी रस्त्यानं पळवाय पायजे. अंगणात नुसती चालू करून बंद केली तर फायदा न्हाय. चालू करायला जेवढं खर्चतं, तेवढंबी परत भरत न्हाय."

"चालवणार कोण?" फरिदा म्हणाली.

नागेशनं केबली गुंडाळून जीपमध्ये टाकल्या.

*

घरात आता तिघंच होती. फरिदा, बारा वर्षांची झोया आणि अल्लाबक्ष. अल्लाबक्षनं सारी उमर बांगड्या विकल्या. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून तो वरकुट्यापासून पणदऱ्यापर्यंतचे बाजार करायचा. बाईचा हात नुसता हातात घेतला की माप सांगायचा. पुढं थांब्याजवळ दुकान झालं. तेच दुकान आता फरिदा चालवत होती. बायका यायच्या, बांगड्या निवडायच्या, पण भरायची वेळ आली की म्हणायच्या, द्या तशाच कागदात बांधून, घरी भरते. रांडावल्या हातानं भरून घ्यायला नको, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं. फरिदाही कागद पुढं ओढायची.

अल्लाबक्षची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिस. बांगड्या भरणाऱ्या त्या डाव्या हातात डॉक्टरांनी सुई टोचायला शीर तयार केली होती. ती दोरखंडासारखी फुगलेली असायची आणि बोट ठेवलं तर थरथरायची. आरिफ होता तोवर त्याला गाडीतून नेऊन आणायचा. आरिफ गेल्यावर तो एकटाच एस्टीनं जाऊ लागला; इद्दत संपल्यावर फरिदा बरोबर येते म्हणाली तेव्हा म्हणाला, "मी जातो की एस्टीनं. तू दुकान बंद ठिऊ नको." आणि जात राहिला. सकाळी ती दुकान उघडायच्या आधीच पिशवीत डबा, टॉवेल घेऊन निघायचा, दिवस कलताना परत यायचा. चेहरा राखेसारखा झालेला असायचा. आल्या आल्या बाजेवर आडवा व्हायचा. फरिदाला वाटायचं, एस्टीच्या हादऱ्यांनी दमतात.

आठवड्यानं पणदऱ्याच्या माणसाचा फोन आला म्हणून तिनं गाडीची किल्ली फिरवून बघितली. पुन्हा नुसती टकटक. नागेशनं बॅटरी काढून गॅरेजात नेली, रात्रभर चार्जिंगला लावली, आणून बसवली. काही दिवस गेले आणि बॅटरी परत बसली.

या वेळी नागेशनं ती पुन्हा चार्ज करून बसवली आणि मीटरही आणलं. गाडी बंद करून, दारं लावून त्यानं कितीतरी वेळ वायरींशी खटपट केली. शेवटी मीटर गुंडाळत म्हणाला, "भाभी, बॅटरी चांगली हाय. गाडीबी चोरून करंट खात न्हाय. किल्ली काढल्यावर काय सुदिक जात न्हाय." जरा थांबून तो म्हणाला, "गाडी कुणीतरी वापरतंय. पंखा, न्हायतर गाणी. इंजिन बंद ठिऊन."

फरिदाच्या डोळ्यांपुढं झोया आली. तिला गाणी लागायची. संध्याकाळी पोर शाळेतून आल्यावर फरिदानं तिला दारातच धरलं. "किल्ली घेतेस तू खुंटीवरनं. खरं सांग."

"मी न्हाय घेत अम्मी."

"मग कोण, किल्ली आपल्या पायानं जाती?"

झोयाचे डोळे भरले. तिनं एकदा आजोबाच्या बाजेकडं बघितलं. पाणी न पिता दप्तर टाकून मागच्या दारी जाऊन बसली. फरिदानं किल्ली खुंटीवरून काढून पिठाच्या डब्यामागं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाबक्षनं सहज विचारावं तसं विचारलं, "फरिदा, किल्ली दिसत न्हाय गं खुंटीला." ती म्हणाली, "झोया हात लावती म्हणून ठिवलीय आत." त्या दिवशी तो जेवला नाही. झोयाला बोललेलं त्याला लागलं असेल, असं तिला वाटलं. तिलाही ते सलत होतं. तिनं किल्ली परत खुंटीला लावली.

*

तो गुरुवार होता. दुकानात लग्नाचा हिरवा चुडा बघायला बायका आल्या. मापाचे डझन घरी कपाटात होते. त्यांना बसवून फरिदा भर दुपारी घराकडं आली. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला दिसलं, गाडीचं कव्हर डाव्या बाजूनं वर सारलेलं आहे.

ती वळसा घालून गेली. काच खाली होती. आत पंख्याची बारीक घरघर चालली होती आणि कसलीशी जुनी कव्वाली हळू लागली होती. डाव्या सीटवर अल्लाबक्ष बसला होता. अंगात बाहेर जायचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर डब्याची पिशवी. छातीवरून पट्टा ओढून नीट लावलेला. डोळे मिटलेले. उजवीकडची सीट रिकामी होती.

फरिदाला आधी काही कळेना. मग कळलं. आज गुरुवार. या वेळी सासऱ्यानं बारामतीत यंत्राला लावून पडलेलं असायला हवं होतं.

"अब्बा," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. शाळेतलं पोर सापडावं तसा तो पट्ट्याशी चाचपडू लागला. पट्टा निघेना. तिनं दार उघडून काढला. त्याच्या पायांकडं तिचं लक्ष गेलं. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यावर आले होते. ती सूज ती रोज बघत होती, आणि उन्हाची आहे म्हणत होती.

"कवापास्नं जात न्हाय?"

"जातो की." मग म्हणाला, "मंगळवारी जातो. शनवारी जातो. गुरवारी एस्टीला लई गर्दी असती."

"दवाखान्यानं फोन कसा न्हाय केला?"

"तितं आरिफचा नंबर हाय."

फरिदानं हात लांब करून किल्ली बंद केली. पंखा थांबला, कव्वाली मधेच तुटली. ती तिथंच पायरीवर बसावं तशी दाराच्या कडेला टेकली. दुकानात बायका बसल्या होत्या, त्या बसून राहिल्या.

अल्लाबक्ष बराच वेळ पिशवीची नाडी गुंडाळत राहिला. मग आपणहून बोलायला लागला. "आमी घरात बोलत नव्हतो, तुला ठावं हाय. त्यानं बांगड्यांचा धंदा सोडला, मी रागानं चार माणसांत बोललो, त्यानंबी उलटा शब्द टाकला. मग बोलायचंच ऱ्हाऊन गेलं. सात-आठ वर्सं. जेवायला वाढलंय, दार लाव, एवढंच. पुढं माझं हे दुखणं निघालं. रोज गाडीत शेजारी बसायचं, बोलायचं काय? पहिलं दोन-तीन म्हैनं पंख्याचा आवाज ऐकत गेलो आन आलो. मग एक दिवस भवानीनगरच्या पुढं त्यानं इचारलं, अब्बा, अम्मीचा आवाज कसा हुता. त्याची आई गेली तवा तो पाळण्यात हुता. मी इतक्या वर्सांत कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी बारामती येईस्तोवर मी बोलतच हुतो. तिथनं पुढं..." तो थांबला. "घरात आलं की परत मुकं. गाडीत तेवढं बोलायचो."

"म्हणून हितं बसता."

"दुपारी कोण नसतं. पंखा लावला की गाडी चालल्यागत वाटतं. बॅटरी जाती हे मला म्हाईत नव्हतं गं. त्या दिवशी तू पोरीला बोलली, तवा कळलं, पन ऱ्हावलं न्हाय. पोरीनं मला बघितलेलं हाय. मीच तिला म्हणलं हुतं, सांगू नको."

फरिदाला त्याच्यावर रागवायचं होतं. आरिफ गेला तो न सांगता गेला. आणि हा माणूस रोज तिच्या देखत, डबा घेऊन, सलाम करून, थोडा थोडा चालला होता. पण राग येईना. ती उठली, त्याला हाताला धरून बाजेवर आणून बसवला, आणि म्हणाली, "सदरा काढू नका. नागेशभावाला बोलावते. आत्ता जायचं."

त्या दुपारी नागेशच्या जीपमधून ती त्याला बारामतीला घेऊन गेली. चुड्याच्या बायका कधीच निघून गेल्या होत्या.

*

"मला गाडी शिकवा," ती नागेशला म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "अब्बा मागं बसतील."

गावानं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. पहाटेच्या उजेडात कालव्याच्या रस्त्यावर नागेश तिच्याकडून गाडी चालवून घ्यायचा आणि मागच्या सीटवर अल्लाबक्ष तसबीह ओढत बसायचा. क्लच सुटला की गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. मागून हू की चू यायचं नाही. एकदा गाडी उसाच्या सरीत गेली तेव्हा मात्र तो म्हणाला, "आरिफनं बी पहिल्यांदा हितंच घातली हुती." लायसन मिळेपर्यंत दर खेपेला ती दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर एस्टीनं जाऊ लागली. पणदऱ्याच्या माणसाला तिनं कळवलं, गाडी विकायची नाही.

मग एका मंगळवारी ती एकटीनं त्याला घेऊन निघाली. अल्लाबक्ष डावीकडं बसला आणि त्यानं आपसूक पट्टा ओढून घेतला. लासुर्णं मागं पडलं, भवानीनगर आलं, उसाच्या बैलगाड्यांमागं ती पहिल्या गिअरमध्ये रांगत राहिली. तिचे हात घामानं चिकट झाले होते. मनात एक आशा होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. हे आता माझ्याशी बोलतील. आरिफशी बोलायचे तसे.

तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या खेपांनाही नाही. खिडकीबाहेर बघत बसायचा. फरिदा दुकानातलं सांगायची, झोयाच्या शाळेतलं सांगायची. तो व्हय म्हणायचा. मन लावून ऐकायचा, पण त्याच्याकडून काही यायचं नाही.

बॅटरी मात्र त्यानंतर कधी बसली नाही. शुक्रवारी दुकान अर्धा दिवस बंद असायचं. तेव्हा फरिदा बोनेट उघडायची, टोकं पुसायची, घट्ट आहेत का हलवून बघायची, व्हॅसलीनचं बोट फिरवायची. पाणी कमी दिसलं तर बाटलीतलं बॅटरीचं पाणी खुणेपर्यंत घालायची. नळाचं घालायचं नाही, हे नागेशनं दोनदा बजावलं होतं. अल्लाबक्ष बाजेवरून बघायचा. एकदा म्हणाला, "बांगड्यांच्या पेटीचं कुलूप मी असंच तेल घालून ठिवायचो," आणि तेवढ्यानंही तिला बरं वाटलं.

दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या पलंगावर वरकुट्याची ठमाबाई असायची. मुलगा सौरभ तिला पिकअपमधून आणायचा. ठमाबाईनं अल्लाबक्षला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "अल्लाबक्षभाव, माझ्या लग्नाचा चुडा तुमीच भरलावता," ती म्हणाली. त्यावर तो हसला. यंत्र चालू असताना दोघं जुन्या बाजारांची नावं काढायची. फरिदा बाहेरच्या बाकावर बसून ऐकायची. त्याचं बोलणं असं भिंतीपलीकडून ऐकायला मिळायचं.

उन्हाळ्यात एकदा परत येताना रसवंतीपाशी तिनं गाडी थांबवली. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं, घशाला कोरड पडली होती. तिनं एक ग्लास मागवला, प्याली, आणि बघते तर अल्लाबक्ष तिच्याकडं बघत होता. त्याला दिवसाला मोजकंच पाणी होतं. तिला चुकल्यासारखं झालं.

"पी की," तो म्हणाला. "तो पीत नसायचा."

"कोण?"

"आरिफ. मला चालत न्हाय म्हणून गाडीत पाण्याची बाटलीच ठिवायचा न्हाय. मी म्हणायचो, अरं तुला कुणी आडवलंय. तर म्हणायचा, मला तहानच न्हाय. सकाळी निघाल्यापास्नं घरी येईस्तोवर. ऐन वैशाखात."

फरिदानं ग्लास खाली ठेवला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आरिफ घरी आला की चप्पल न काढता माठापाशी जायचा आणि दोन तांबे उभ्या उभ्या रिकामे करायचा. पाणी छातीवर सांडायचं. ती ओरडायची, जनावरासारखं काय पिताय, बसा तरी. तो हसायचा फक्त. दीड-दोन वर्षं ती ओरडली. त्यानं एकदाही कारण सांगितलं नाही.

तिनं गाडी चालू केली. लासुर्णं आलं. मग तिनं विचारलं, "अजून काय करायचा?"

अल्लाबक्षनं खिडकीवरची नजर काढली आणि हळूहळू सांगायला सुरुवात केली. मोठं असं काही नव्हतं. कुठल्या वळणावर कुठला ट्रकवाला भेटायचा, कुठल्या बागेचं फळ कसं होतं, झोयाला सायकल शिकवताना तो स्वतःच कसा पडला. पण त्या दिवसापासून दर खेपेला तो थोडं थोडं द्यायला लागला. फरिदा गाडी सावकाश चालवायची.

*

चुकवलेल्या गुरुवारांचं देणं शरीर विसरलं नव्हतं. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले होते. थंडीच्या दिवसांत एका पहाटे अल्लाबक्षला दम लागला. बसता येईना, पडता येईना. फरिदानं झोयाला मागं बसवलं, त्याला पुढं बसवलं आणि धुक्यात दिवे लावून गाडी काढली. रस्ता दिसत नव्हता. त्यानं एकदाच तिच्या दंडावर हात ठेवला. शीर फुगलेला तो डावा हात. "सावकाश," म्हणाला.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. फरिदा गाडी कशीबशी भिंतीला लावून पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. बारामतीत दिलेली तिची थोरली नणंद परवीन आली होती, गावची माणसं आली. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर गावात दफन ठरलं. रुग्णवाहिका त्याला घेऊन निघाली. परवीन त्याच्याबरोबर बसली. फरिदा म्हणाली, "तुमी व्हा पुढं, मी झोयाला घेऊन येतेच."

गाडीत बसून तिनं किल्ली फिरवली. काहीच नाही. टकटकसुद्धा नाही. तिनं दिव्यांच्या बटणाकडं पाहिलं. धुक्यात लावलेले दिवे तसेच होते. बॅटरी संपवून कधीच विझले होते.

"अम्मी, दादाजान पोचतील," झोया मागून म्हणाली.

दवाखान्याच्या पहारेकऱ्यानं धक्का मारायची तयारी दाखवली, पण पुढं भिंत होती नि मागं चढ. तेवढ्यात सौरभ त्याच्या आईला घ्यायला आला. त्याला कळलेलं नव्हतं. कळल्यावर त्यानं पिकअप जवळ आणली आणि सीटखालून केबली काढल्या. कुठली कुठं लावायची यात तो जरा अडखळला. फरिदानं त्याच्या हातातून त्या घेतल्या. लाल इकडं, लाल तिकडं. काळी पिकअपच्या बॅटरीला, आणि दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या लोखंडाला. "जरा वेळ चालू ऱ्हाऊ दे तुझी," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता.

मग ती आत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन धरलं.

केबली काढायला ती खाली उतरली. शेवटची लाल केबल हातात राहिली, आणि तिला पुढचं सुचेना. बोनेटच्या कडेला हात टेकून ती उभी राहिली आणि तिच्या तोंडातून असा आवाज आला की झोया गाडीतून बाहेर आली. आरिफच्या मयतीला ती अशी रडली नव्हती. तेव्हा घर भरलेलं होतं, बायका रडत होत्या, तिनं सगळ्यांना चहा झाला का विचारलं होतं. ते सगळं आता इथं, अनोळखी गाड्यांच्या मधोमध, बाहेर पडत होतं.

दंडावर कापसाची पट्टी दाबून ठमाबाई दारातून आली. तिनं सौरभकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि तिला समजलं. ती फरिदाजवळ येऊन उभी राहिली. "गाडी बंद करू नको," ती एवढंच म्हणाली. "रडून घे, पन गाडी चालू ठीव."

फरिदा पोचली तेव्हा मयताचा डोला अजून उचलायचा होता. लोक थांबले होते. तिला चेहरा बघायला मिळाला.

*

फातिहाचे दिवस झाले. परवीन जाताना म्हणाली, "भाभी, आता गाडी कशाला? बारामतीच्या खेपा संपल्या." फरिदा म्हणाली, बघू. नागेशनंही विचारलं, लई दिवस उभी ठेवायची असेल तर बॅटरीची काळी वायर सोडवून ठेवू का. त्यालाही ती बघू म्हणाली.

पुढच्या मंगळवारी झोया शाळेत गेल्यावर तिनं दुकान उघडलं नाही. गाडी काढली, रस्त्यावर आणली, आणि तिथं थांबली. डावीकडं बारामती. तिकडं स्टेअरिंग वळवायला हात तयार होईना. मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तशी ती उजवीकडं वळली, इंदापूरच्या बाजूला. या रस्त्यानं तिनं कधी गाडी नेली नव्हती.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे डाळिंबाच्या बागा. निमगावच्या शिवारातून जाताना तिनं बांधांकडं पाहिलं नाही, समोर पाहिलं. पुढं इंदापूरच्या अलीकडं एक बाई पाटीत पेरू घेऊन झाडाखाली बसली होती. फरिदानं गाडी कडेला घेतली. खाली उतरली. पेरू हवे होते असं नव्हतं.

बाईनं एक पिकला पेरू निवडला, चिरला, मीठ-तिखट लावलं आणि पुढं केला. मग गाडीकडं वाकून बघत म्हणाली, "आत बसलेल्यांना बी चिरू का एखादा?"

"आत कोण न्हाय," फरिदा म्हणाली.

"एकट्याच निघालाय व्हय?"

फरिदानं पेरूची फोड तोंडात घातली. तिखट घशात लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं.

"व्हय," ती म्हणाली. "एकटीच हाय."

बाईनं पाटी सारून तिला बसायला जागा करून दिली. फरिदा बसली. समोरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या. दोघी बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या.